तज्ज्ञ सांगतात, सरकार ऐकतं का? परदेशी मदतीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की श्रीमंत देशांची सरकारं गरीब देशांना जी मदत देतात ती कुठे आणि कशी द्यायची हे सांगायला तिकडे तज्ज्ञांची सल्लागार मंडळं असतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं काही वाटलं नव्हतं, आणि त्यातली काही तर चांगलीच तापलेली आहेत. सगळी घेणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोघा-तिघांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून मग कोणाचंच छापत नाहीये.

गंगापूर रोडवरून, यूपीएससीची तयारी करणारा वाचक: सर, ही सल्लागार मंडळं नेमकं करतात काय? क्लासमध्ये नुसती नावं पाठ करून घेतात. आणि सरकारला त्यांचं ऐकावंच लागतं का? नसेल तर मंडळ कशाला पोसायचं?

ऐकावं लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. निर्णय निवडून आलेल्या सरकारचाच असतो आणि तसाच असला पाहिजे. पण काही देशांत सरकारला *उत्तर द्यावं* लागतं, आणि माझ्या मते सगळा जीव त्या एका अटीत आहे.

नेदरलँड्स घे, कारण तिथे हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. मानवी हक्कांचं वेगळं, संरक्षणाचं वेगळं, विकास सहकार्याचं वेगळं अशी तिथे पूर्वी मंडळं होती, १९९७ मध्ये ती मोडून एकच आंतरराष्ट्रीय व्यवहार सल्लागार परिषद केली, तिला एआयव्ही म्हणतात. प्रोफेसर, निवृत्त राजदूत, संस्थांमध्ये आयुष्य काढलेले लोक असे त्यात असतात. मंत्री किंवा संसद लेखी प्रश्न पाठवते, म्हणजे समजा अमुक देशात युद्ध चालू आहे तर तिथली मदत सुरू ठेवायची का, ठेवली तर कोणाच्या हातात द्यायची. मग समिती बसते, वाचते, लोकांना बोलावून विचारते, रिपोर्ट लिहिते. परिषद स्वतःहूनही विषय उचलू शकते, सरकारने विचारायची वाट बघायची गरज नाही. रिपोर्ट जाहीर होतो, आणि त्यानंतर ३ महिन्यांत मंत्र्याने आपलं म्हणणं संसदेच्या दोन्ही सभागृहांना कळवायचं, कायदाच तसा आहे. नाही पटलं तर नाही पटलं, पण का नाही पटलं ते कागदावर द्यायचं. एकदा कागदावर आलं की विरोधी पक्ष, पत्रकार, सगळे तो कागद घेऊन बसतात.

आता ऐकतात का, तर एक मस्त उदाहरण आहे. तिकडेच सरकारी धोरणांसाठी एक वैज्ञानिक परिषद आहे, डब्ल्यूआरआर. तिने जानेवारी २०१० मध्ये डच मदतीवर जाडजूड रिपोर्ट काढला. म्हणणं असं, की तुम्ही फार जास्त देशांत थोडं थोडं पसरलाय, कुठल्याच देशाची नीट माहिती तुम्हाला राहिलेली नाही, साधारण १० देश धरा आणि तिथे नीट काम करा. शाळा-दवाखान्यांवरच सगळा जोर न देता शेती, उद्योग, लोकांची कमाई वाढेल अशा गोष्टींकडे बघा. आणि त्यासाठी मंत्रालयातून बदलीवर फिरणारे अधिकारी कामाचे नाहीत, वेगळी प्रोफेशनल संस्था उभी करा. पुढे काय झालं? नवीन सरकार आलं, त्याने भागीदार देश ३३ वरून १५ वर आणले, आर्थिक विकासाचा मुद्दाही घेतला, वेगळी संस्था काही उभी केली नाही, आणि वरून मदतीचं बजेट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.८ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आणलं. म्हणजे पंगतीत बसून जिलबी तेवढी उचलली आणि कारलं ताटातच ठेवलं. बजेट कापायचं होतंच, त्याला तज्ज्ञांच्या रिपोर्टची चांगली झालर मिळाली असं म्हणणारे तिथे बरेच होते, आणि मला ते फारसं चुकीचं वाटत नाही.

परीक्षेत लिहिताना तीनच गोष्टी तपास: प्रश्न कोण ठरवतं, रिपोर्ट जाहीर होतो का, आणि सरकारला उत्तर देणं बंधनकारक आहे का. स्वीडनचं ईबीए म्हणून तज्ज्ञ मंडळ आहे, २०१३ चं, ते अभ्यासाचे विषय स्वतः निवडतं. तरीही स्वीडनच्या सरकारने राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्का मदतीचं जुनं धोरण सोडलंच. मंडळ कितीही स्वतंत्र असलं तरी पैशाचा आकडा राजकारणच ठरवतं.

पिंपळगाव बसवंतहून, द्राक्ष बागायतदार: तज्ज्ञ म्हणजे खुर्च्या गरम करणारे लोक. एसीत बसून रिपोर्ट लिहायचे. यांनी कधी कुठलं चुकीचं काम थांबवलंय का, एक उदाहरण द्या.

भाऊ, राग समजतो, आपल्याकडच्या समित्या बघून कोणालाही तसंच वाटेल. पण उदाहरण मागितलंय तर देतो, आणि ते सरळ नाहीये.

मलेशियात पेर्गाऊ नावाचं धरण आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये त्याच्यासाठी २३.४ कोटी पौंडांची मदत मंजूर केली. मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना १९८८ मध्ये मलेशियाशी शस्त्रविक्रीची बोलणी झालेली, त्यात या मदतीचा धागा गुंतलेला होता. मदत खात्याचे अर्थतज्ज्ञ सांगत होते की ही वीज महाग पडेल, मलेशियाला यापेक्षा स्वस्त पर्याय आहेत, हा प्रोजेक्ट नको. खात्याचे सचिव होते टिम लँकेस्टर. त्यांनी काय केलं, तर मंत्र्यांकडून लेखी आदेश मागितला. ब्रिटिश पद्धतीत ही मोठी गोष्ट असते, सचिव म्हणतो की माझा सल्ला विरोधात आहे, तरी तुम्हाला करायचंच असेल तर सही करून सांगा. मंत्र्यांनी सही करून सांगितलं.

म्हणजे तज्ज्ञ हरले. धरण झालं, पैसा गेला. पण तो कागद राहिला. हिशेब तपासणाऱ्यांनी तो बाहेर काढला, संसदेच्या समित्यांनी चौकशी केली, एक स्वयंसेवी संस्था कोर्टात गेली आणि १९९४ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ही मदत बेकायदा ठरवली, कारण कायद्यात मदत ही विकासासाठी होती आणि हा प्रोजेक्ट आर्थिकदृष्ट्या तग धरणाराच नव्हता. पुढे १९९७ मध्ये मदतीसाठी वेगळं मंत्रालय आलं आणि २००२ च्या कायद्यात लिहिलं गेलं की मदतीचा हेतू गरिबी कमी करणं हाच. एका नाकारलेल्या सल्ल्यातून एवढं झालं, फक्त तो लेखी होता म्हणून.

२०११ पासून ब्रिटनमध्ये मदतीचा परिणाम तपासणारा एक स्वतंत्र आयोगही आहे, आयसीएआय. तो मंत्र्याला नाही तर संसदेला रिपोर्ट करतो, आणि सरकारने ६ आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं. या आयोगाने २०२३ मध्ये ब्रिटनच्या भारतातल्या मदतीवरसुद्धा लिहिलंय, २०१६ ते २०२१ या काळात वेगवेगळ्या वाटांनी मिळून साधारण २३० कोटी पौंड, त्यात गुंतवणूक मोठी, आणि आयोगाचं म्हणणं की हे सगळं तुकड्यातुकड्यांत आहे, यामागे गरिबी कमी करायचा नेमका विचार काय ते दिसत नाही. ब्रिटनने भारताला अनुदान देणं थांबवतो म्हणून २०१२ मध्येच जाहीर केलं होतं, तरी पैसा दुसऱ्या दारांनी चालूच होता हे लोकांना त्या रिपोर्टमुळे कळलं.

पण तुमचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. २०२० मध्ये तेच वेगळं मंत्रालय परराष्ट्र खात्यात विरघळवलं, २०२१ मध्ये मदत ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली, आणि २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२७ पर्यंत ०.३. मदतीच्या वर्तुळातले बहुतेक जाणकार विरोधात होते, काही फरक पडला नाही.

अक्कलकुव्याकडची, सध्या नाशिकला शिकणारी वाचक: आमच्या आजोबांच्या तोंडून मोर्स साहेबाचं नाव ऐकलंय. सरदार सरोवराच्या वेळी आलेला म्हणे. तो पण तज्ज्ञ समितीचाच होता का? त्याने आमच्या बाजूने लिहिलं तर मग गावं का बुडाली?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आलाय, म्हणून जरा जास्त जागा घेतो.

हो ताई, ती समितीच होती. जागतिक बँकेने १९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पुनर्वसनाचं काय, किती लोक उठणार, आदिवासींच्या नावावर जमिनीच नाहीत तर त्यांना काय देणार, यातलं बरंच काही तेव्हा ठरलेलंच नव्हतं. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलन, त्यात महाराष्ट्रातली मणिबेलीसारखी गावं, यांनी धरून ठेवलं, परदेशातूनही दबाव आला, आणि १९९१ मध्ये बँकेने स्वतःच्याच प्रोजेक्टची तपासणी करायला एक स्वतंत्र समिती नेमली. बँकेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच होत होतं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, जे आधी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख होते, आणि सोबत कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. त्यांनी काम घेतानाच अटी घातल्या: बँकेच्या सगळ्या फाइली बघायला मिळाल्या पाहिजेत, आणि रिपोर्टमध्ये बँकेने हात घालायचा नाही. या अटी नसत्या तर आजोबांना ते नाव आठवलं असतं का याची मला शंका आहे.

ते खोऱ्यात फिरले, लोकांशी बोलले. जून १९९२ मध्ये रिपोर्ट आला, आणि तो फार कडक होता. सध्याच्या परिस्थितीत पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणाचा अभ्यास धड झालेला नाही, बँकेने एक पाऊल मागे घेऊन नव्याने विचार करावा. बँकेने काय केलं? मागे नाही घेतलं. भारत सरकारला ६ महिन्यांची मुदत आणि काही अटी देऊन पुढे चालू ठेवायचं ठरवलं, संचालक मंडळात काही देशांचा विरोध असताना. मग मार्च १९९३ मध्ये, मुदत संपायच्या तोंडावर, भारत सरकारनेच सांगितलं की उरलेलं कर्ज आम्हाला नको.

इथे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सल्ला बँकेला होता आणि बँकेचं पाकीट बंद झालं की सल्ल्याची ताकद पण तिथेच संपली. धरण आपल्या सरकारांच्या पैशाने पुढे गेलं, १३८.६८ मीटर उंचीपर्यंत, २०१७ मध्ये लोकार्पण झालं. गावं बुडाली. मोर्सचा शब्द गुजरात, मध्य प्रदेश किंवा महाराष्ट्र सरकारवर बंधनकारक नव्हताच कधी. सरकारने स्वतःच्या पैशाच्या प्रोजेक्टवर सगळ्या फाइली उघडून मोर्ससारख्या बाहेरच्या माणसाला बसवणं आपल्याकडे सहसा होत नाही.

पण जगात त्याचा परिणाम झाला. त्याच वर्षी, सप्टेंबर १९९३ मध्ये, जागतिक बँकेने तपासणी पॅनल स्थापन केलं. आता कुठल्याही देशातले बाधित लोक बँकेच्या प्रोजेक्टविरुद्ध थेट तिथे तक्रार करू शकतात, आपल्या सरकारला न विचारता. लॅटिन अमेरिकेतले किंवा आफ्रिकेतले शेतकरी आज तिथे अर्ज करतात तर त्यांच्यामागे नर्मदाकाठच्या लोकांनी दिलेला लढा आहे. हे आजोबांना सांग. त्याने जमीन परत येणार नाही, ते मला पण कळतं.

नाशिकरोडहून, निवृत्त प्रेस कामगार: आपल्या पेठ-सुरगाण्यात उन्हाळ्यात बायका पाण्याला मैलोन् मैल जातात आणि आपलं सरकार अफगाणिस्तानात धरणं बांधतं. हे ठरवतं कोण? तिथे पण तज्ज्ञ आहेत का?

काका, दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला आधी.

भारत मदत देतो हे खरं आहे आणि आजचं नाही. आयटेक म्हणून कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, दुसऱ्या देशांच्या अधिकाऱ्यांना, तंत्रज्ञांना आपल्याकडे ट्रेनिंग. भूतानला सगळ्यात जास्त पैसा जातो, तिथल्या जलविद्युत प्रोजेक्टची वीज आपल्याकडे येते. अफगाणिस्तानातलं तुम्ही म्हणता ते सलमा धरण, हेरातजवळ, २०१६ मध्ये पूर्ण झालं. आणि एक्झिम बँकेतून, म्हणजे सरकारच्या आयात-निर्यात बँकेतून, दुसऱ्या देशांना जी स्वस्त कर्जं देतात, त्यात साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते, म्हणजे पैसा बऱ्यापैकी आपल्याच कंपन्यांकडे येतो. दानधर्म म्हणून नाही चाललेलं हे, शेजारी चीन किती पैसा ओततोय ते बघून चाललंय.

ठरवतं कोण, तर परराष्ट्र मंत्रालय. २००७ च्या बजेटमध्ये यासाठी वेगळी संस्था काढायची घोषणा होती, ती काही आली नाही, त्याऐवजी जानेवारी २०१२ मध्ये मंत्रालयातच एक विभाग केला, डीपीए. तज्ज्ञ म्हणाल तर दिल्लीत आरआयएस म्हणून संशोधन संस्था आहे, त्यांनी २०१३ मध्ये भारताच्या विकास सहकार्यावर चर्चा करायला एक फोरमही काढला. पण आरआयएस परराष्ट्र मंत्रालयाशीच जोडलेली. चांगलं काम करतात, अभ्यास वाचण्यासारखे असतात, पण घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला किती बोलायचं याला मर्यादा असते ना. या मदतीसाठी आपल्याकडे कायदा नाही, आणि लेखी उत्तर मागणारं स्वतंत्र मंडळ नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे संसदेची परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती. ती दरवर्षी मंत्रालयाच्या मागण्या तपासते, शिफारशी करते, आणि मंत्रालयाला त्यावर काय कारवाई केली ते कळवावं लागतं. ते रिपोर्ट जाहीर आहेत, संसदेच्या साइटवर फुकट आहेत, आणि कोणी वाचत नाही. पेपरवाले तर नाहीच नाही.

आता सुरगाण्याचं पाणी. अफगाणिस्तानला न देता तो पैसा सुरगाण्याला आला असता असं नाही होत काका, आदिवासी विकासाचा पैसा असूनही तिथे टँकर फिरतो, तो प्रश्न वेगळ्या खात्याचा आणि वेगळ्या नालायकीचा आहे. आणि घेण्याच्या बाजूला आपण पण आहोतच, शेजारच्या धुळ्यात साक्रीचा सोलर प्रोजेक्ट जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर झाला, मुंबईचा अटल सेतू आणि मेट्रो ३ जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जावर.

सिडकोतून, नाव-गाव नाही: ते ०.७ टक्के सगळीकडे दिसतं, ते आलं कुठून?

तज्ज्ञांकडूनच. जागतिक बँकेच्या मागणीवरून कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग बसला, १९६९ मध्ये त्याने म्हटलं की श्रीमंत देशांनी १९७५ पर्यंत, फार तर १९८० पर्यंत, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के सरकारी मदत द्यावी. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते ठरावात घेतलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश वर्षानुवर्षं पाळत आले. अमेरिका कधीच जवळपास नव्हती.

पेठहून, एका छोट्या संस्थेत काम करणारी ताई: आमचा फंडर परदेशी आहे. दर वर्षी फॉरमॅट बदलतो. इम्पॅक्ट लिहा, सस्टेनेबिलिटी लिहा, आता नवीन काहीतरी कोहेरन्स आलंय. पाड्यावर फिरायचं की हे भरायचं? हे कोण ठरवतं वर बसून?

ताई, याचा पत्ता पॅरिसला आहे. ओईसीडी म्हणून मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना आहे, तिच्यात मदत देणाऱ्या देशांची एक समिती आहे, डीएसी, १९६१ पासूनची. मदत कशाला म्हणायचं याची व्याख्या तीच ठरवते, आणि दर काही वर्षांनी तिच्यातले दोन देश मिळून तिसऱ्या देशाच्या मदतीची तपासणी करतात. मूल्यमापनाचे निकष पण तिथलेच. १९९१ मध्ये पाच ठरवले: गरजेला धरून आहे का, ठरवलेलं साध्य झालं का, खर्चाच्या मानाने काम झालं का, दूरवरचा परिणाम काय, आणि पैसा थांबल्यावर टिकेल का. २०१९ मध्ये सहावा घातला, तो तुमचा कोहेरन्स, म्हणजे तुमचं काम त्याच भागातल्या बाकीच्या योजनांशी जुळतं का.

निकष वाईट नाहीत. खरं तर २०१९ च्या कागदात स्पष्ट लिहिलंय की हे यांत्रिकपणे वापरू नका, जिथे जे लागू तेच विचारा. पण पॅरिसहून तो कागद फंडरच्या राजधानीत येतो, तिथून दिल्लीच्या ऑफिसात, तिथून कन्सल्टंटकडे, आणि तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्या सूचनेचं एक्सेल शीट झालेलं असतं ज्यात कुठलाच कॉलम रिकामा ठेवता येत नाही. मी स्वतः अशी शीट्स तपासायचं काम बरीच वर्षं केलंय. चांगल्या संस्थेचं शीट रटाळ असतं आणि बोगस संस्थेचं एकदम चकाचक, असं बऱ्याचदा दिसायचं.

एक करा. फंडरला मेल टाकून विचारा की यातले कुठले निकष आमच्या कामाला लागू नाहीत असं आम्ही कारण देऊन लिहिलं तर चालेल का. डीएसीच्याच सूचनेचा दाखला द्या. दहातले सात हो म्हणतात, कारण त्यांच्याकडे पण ते शीट नीट कोणी वाचत नसतं. बाकी एफसीआरएचे, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचे, नियम मात्र सोडता येणार नाहीत, ते आपल्या सरकारचे आहेत: २०२० च्या बदलानंतर परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, ऑफिसखर्च २० टक्क्यांच्या आत, आणि पैसा येणार तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. फंडरला हे नियम माहीतच आहेत असं धरू नका, नवीन करार करताना पहिल्याच मीटिंगला सांगून टाका.